फरशीवरचे सिमेंटचे डाग

घर बांधून होते. फरशी बसते. गवंडी आपली थापी, गुण्या, ओळंबा उचलून दुसऱ्या कामाला जातात. मग घरची बाई खराटा आणि पाण्याची बादली घेऊन फरशी धुवायला लागते. माती जाते. वाळू जाते. पण काही ठिकाणी करडे ठिपके तसेच राहतात. कुठे सिमेंटचा गोळा चिकटलेला असतो. कुठे पांढुरका पापुद्रा असतो. फरशी ओली असली की तो दिसत नाही. फरशी वाळली की पुन्हा वर येतो.

हे डाग काढायचे कसे? काढताना फरशी बिघडू नये, हात भाजू नयेत, डोळे सांभाळावेत, यासाठी काय करावे? ते या पाठात पाहू. पण आधी सिमेंट म्हणजे काय आणि फरशी म्हणजे काय, हे समजून घेऊ. एवढे कळले, की पुढचे सगळे सोपे आहे.

आपल्या पायाखालची फरशी

पूर्वी आपल्याकडे घरे दगडमातीची असत. वर माळवद आणि खाली शेणाने सारवलेली जमीन. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत दगडमातीच्या जाड भिंती आणि जड माळवदे झोपलेल्या माणसांवर कोसळली. त्यानंतर लोकांचे मन सिमेंटच्या घराकडे अधिक वळले. उस्मानाबाद जिल्ह्याचे नाव २०२३ साली धाराशिव झाले. आज या जिल्ह्यात कळंबला जा, येरमाळ्याला जा, शिराढोणला जा. घरात फरशी आहे, ओट्यावर फरशी आहे, देवळापुढे फरशी आहे.

ही फरशी येते कुठून? कळंबच्या आसपास जमिनीत काळा पाषाण आहे. तो फार कठीण. त्याच्या सहजासहजी पातळ फरश्या निघत नाहीत. फरशीचा दगड बाहेरून येतो. सोलापूरहून रेल्वेने गुलबर्ग्याच्या पुढे गेले, की शहाबाद लागते. तिथल्या खाणीतला दगड जमिनीत थरावर थर असा असतो. पोळीचे पदर सुटावेत तसे त्याचे पदर सुटतात. तीच आपली शहाबादी फरशी. १९५६ सालापर्यंत कळंब आणि शहाबाद ही दोन्ही गावे एकाच हैदराबाद राज्यात होती. आता शहाबाद कर्नाटकात आहे. पण फरशी अजून आपल्याकडे येते.

तांदूरची फरशी तेलंगणातून येते. काळा कडप्पा आंध्रातून येतो. हिरवट-निळी कोटा फरशी राजस्थानातून येते. रंग निराळे, गावे निराळी. पण या चारही दगडांची जात एक आहे. चारही चुनखडीचे दगड आहेत. ही गोष्ट ध्यानात धरा. डाग काढण्याची सगळी मेख इथे आहे.

सिमेंट म्हणजे काय?

येरमाळ्याच्या येडेश्वरीची चैत्रातली यात्रा आपल्याला माहीत आहे. तिथे चुन्याच्या रानात भाविक चुनखडीचे खडे वेचतात. ही चुनखडी भट्टीत भाजली, की कळीचा चुना होतो. त्यावर पाणी टाकले, की तो फसफसतो, तापतो आणि फुटतो. तो विझलेला चुना भिंतीला लावला, की हवेने हळूहळू पुन्हा दगडासारखा होतो. आपले वाडवडील असाच चुना मळून वाडे बांधत.

सिमेंट त्याच घरातले आहे. चुनखडी आणि माती एकत्र दळतात. मोठ्या भट्टीत सुमारे १,४५० अंश उष्णतेला भाजतात. त्याचे कठीण गोळे होतात. त्यात थोडे जिप्सम घालून ते पिठासारखे दळतात. ते पीठ म्हणजे सिमेंट. इंग्लंडमधल्या जोसेफ ॲस्पडिन नावाच्या गवंड्याने १८२४ साली अशा सिमेंटचे पेटंट घेतले. तिकडे पोर्टलंड नावाच्या ठिकाणचा इमारती दगड नावाजलेला होता. म्हणून त्याने आपल्या मालाला पोर्टलंड सिमेंट म्हटले. आपल्या पोत्यावर ते नाव अजून छापलेले असते.

म्हणजे सिमेंटही चुनखडीचे आणि शहाबादी फरशीही चुनखडीची. दोघी एकाच आईच्या लेकी. एकीला जे खाईल, ते दुसरीलाही खाईल.

सिमेंट वाळत नाही, धरते

आपण म्हणतो, "सिमेंट वाळलं." खरे पाहता ते वाळत नाही. चिखल वाळतो. त्यावर पाणी घातले, की तो पुन्हा मऊ होतो. सिमेंटचे तसे नाही. सिमेंट पाणी पिते आणि त्या पाण्याशी जुळून नवा दगड बनते. म्हणून तर नव्या भिंतीवर आपण रोज पाणी मारतो. म्हणून तर नदीच्या पाण्यातही पुलाचे खांब कठीण होतात. एकदा धरलेले सिमेंट कितीही पाण्यात भिजवा, पुन्हा पीठ होत नाही.

कालवलेले सिमेंट अर्ध्या तासानंतर केव्हाही धरू लागते. दहा तासांच्या आत ते बसते. पण तेव्हा ते अजून कच्चे असते. पुढे दिवसेंदिवस त्याची ताकद वाढत जाते. इंजिनिअर लोक त्याची ताकद २८ दिवसांनी तपासतात, ती यामुळेच.

यातून एक धडा निघतो. डाग जितका कोवळा, तितका तो काढायला सोपा. जे काम आज ओल्या पोत्याने होते, त्याला उद्या खरवडावे लागते. महिन्याने त्यालाच छन्नी लागते.

डाग ओला असताना

सिमेंट सांडले, की हातातले काम थांबवून ते उचला. आधी थापीने गोळा घमेल्यात भरा. मग ओल्या गोणपाटाने पुसा. पोते दर वेळी स्वच्छ पाण्यात पिळा. बादलीतले पाणी करडे झाले, की बदला. गढूळ पाण्याने पुसले, तर सिमेंटचा पातळ थर सगळ्या फरशीवर पसरतो. एका डागाचे शंभर डाग होतात.

सुताराकडून लाकडाचा भुसा आणला असेल, तर फार बरे. भुसा किंचित ओला करा. फरशीवर टाका आणि पोत्याने गोल गोल घासा. भुसा सिमेंट ओढून घेतो आणि फरशीला ओरखडा पडत नाही. दरजा भरताना तर भुसा जवळच ठेवावा.

सिमेंटचे पाणी मोरीत किंवा नालीत ओतू नका. ते तिथे जाऊन धरेल आणि नाली बुजेल. ते एका खड्ड्यात ओता. विहिरीच्या आणि हापशाच्या जवळ तर मुळीच नको.

डाग एक-दोन दिवसांचा असताना

एक-दोन दिवसांच्या कच्च्या डागाला घरातली एक वस्तू उपयोगी पडते. ती म्हणजे साखर किंवा गूळ. सिमेंटच्या पोत्यात ५० किलो माल असतो. त्यात मूठभर साखर पडली, तरी ते सिमेंट वेळेवर धरत नाही. साखर सिमेंटमधल्या चुन्याला अडकवून ठेवते. हाच गुण आपण डागासाठी वापरायचा.

एक लिटर गरम पाण्यात दोन मुठी साखर किंवा गूळ विरघळवा. फडके त्यात भिजवा आणि डागावर पसरा. वर प्लॅस्टिकचा कागद टाका, म्हणजे ते वाळणार नाही. चार-पाच तासांनी फडके काढा. नारळाच्या काथ्याने किंवा ताठ ब्रशने घासा. पापुद्रा सैल होऊन निघू लागतो. पुन्हा एकदा करावे लागले, तर करा. शेवटी भरपूर पाण्याने फरशी धुवा. नाहीतर मुंग्यांची रांग लागेल.

महिनाभराच्या जुन्या डागावर मात्र साखरेचे काही चालत नाही. तिथे दुसरा उपाय हवा.

डाग जुना असताना

आधी डाग नीट पाहा. तो जाड गोळा आहे की पातळ पापुद्रा?

जाड गोळा दिसायला वाईट, पण काढायला सोपा. गुळगुळीत दगडाला त्याची पकड कमी असते. आधी गोळ्यावर ओले पोते टाकून ठेवा. ओल्याने पकड सुटत नाही, पण धूळ उडत नाही. मग बोथट छन्नी किंवा लोखंडी पट्टी घ्या. ती फरशीला जवळजवळ टेकवून आडवी धरा. हातोडीने हलके ठोके द्या. गोळ्याच्या बुडाखाली धार गेली, की तो टुपकन उडतो. छन्नी उभी धरू नका. उभ्या छन्नीने फरशीला टवका पडतो किंवा फरशी तडकते. फरशीच्या कडेजवळ अधिक जपा. फरशी घासून चकचकीत केलेली असेल, तर लोखंडाऐवजी कठीण लाकडाची पाचर घ्या. डोळ्यावर चष्मा असू द्या. उडालेला कण डोळ्यात गेला, तर डाग राहिला बाजूला.

पातळ पापुद्रा दिसायला साधा, पण काढायला चिवट. त्याला घासूनच काढावे लागते. फरशीची घासणी कशी आहे, त्यावर रीत ठरते.

फरशी खडबडीत असेल, तर तिच्याच जातीचा फुटका तुकडा शोधा. बांधकामाजवळ असे तुकडे पडलेले असतात. डागावर पाणी आणि चिमूटभर बारीक वाळू टाका. तुकडा आडवा धरून गोल गोल घासा. दगडाने दगड घासला जातो. डाग निघतो आणि फरशीचे रूप सारखे राहते. घासताना पाणी चालू ठेवा.

फरशी चकचकीत असेल, तर वाळू नको. हार्डवेअरच्या दुकानात वॉटर पेपर मिळतो. त्याच्या पाठीवर आकडा असतो. आकडा लहान, तर कागद खरखरीत. आकडा मोठा, तर कागद बारीक. २२० पासून सुरुवात करा. मग ४०० घ्या. मग त्याहून बारीक. लाकडाच्या ठोकळ्याला कागद गुंडाळा, पाणी टाका आणि हलक्या हाताने घासा. कोणताही उपाय आधी कोपऱ्यात, खाटेखाली किंवा कपाटामागे करून पाहा. तिथे फरशी चांगली राहिली, तरच मधोमध या.

कोरडे घासू नका आणि मशीनने कोरडे घासून घेऊ नका. सिमेंटच्या कामात वाळू असते. तिची बारीक धूळ छातीत जाऊन बसते आणि पुन्हा निघत नाही. वर्षानुवर्षे अशी धूळ खाणाऱ्या कामगारांना सिलिकोसिस नावाचा छातीचा रोग होतो. त्याला बरे करणारे औषध नाही. पाणी टाकले, की धूळ बसते. एक तांब्या पाणी फुप्फुसे वाचवते.

ॲसिडचे काय?

अशी बोलणी आपल्याकडे घरोघर होतात:

"मिस्त्री, हे डाग काय निघंनात बगा. दुकानात ॲसिड मिळतंय म्हणं. आणू का?"

"नगा आणू, काकू. फरशी शहाबादी हाय. ॲसिड डाग खाईल, अन् फरशीबी खाईल."

"पर लोकं तर वापरत्यात की."

"वापरत्यात. पर त्यांच्या फरश्या वरसानं जाऊन बगा. साधा चहा सांडला, तरी डाग बसतोय."

मिस्त्रीचे म्हणणे खरे आहे. ॲसिड चुनखडीवर पडले, की फसफस होते. त्या फसफशीत दगडच विरघळत असतो. लोकांना वाटते, मळ निघाला. मळ नव्हे, फरशीची कातडी निघाली. डाग जातो, पण त्याच्या जागी पांढरा, खरबरीत खळगा येतो. खरबरीत जागेत घाण अडकते. तो भाग कायमचा मळकट दिसतो. डाग काढता येतो. ॲसिडने खाल्लेली फरशी पुन्हा भरता येत नाही.

लिंबू, चिंच आणि व्हिनेगर हीही सौम्य आम्लेच आहेत. पितळेचा तांब्या चिंचेने लखलखतो. पण शहाबादी, कोटा आणि कडप्पा यांना आंबट सोसत नाही. त्यांची चकाकी मरते. आपली फरशी चुनखडीची आहे की नाही, हे ओळखायचे असेल, तर एका फुटक्या तुकड्यावर लिंबाचा रस टाका. बारीक बुडबुडे आले किंवा थोड्या वेळाने तिथे फिकट डाग उमटला, तर ती चुनखडीची समजा. अंगणातले सिमेंटचे ठोकळेही तसेच. सिमेंटच्या ठोकळ्यावरचा सिमेंटचा डाग ॲसिडने काढायचा, म्हणजे दोन्ही खाऊ घालायचे.

काचेसारख्या गुळगुळीत टाइलला सौम्य ॲसिड सहसा खात नाही. पण तिच्या दरजा सिमेंटच्या असतात. त्या पोखरतात. मग खाली पाणी मुरते आणि टाइल पोकळ वाजू लागते. तिथेही आधी खरवडून आणि साखरेच्या पाण्याने पाहावे. ॲसिड वापरायचेच झाले, तर ते जाणत्या माणसानेच वापरावे. आधी दरजा पाण्याने भिजवाव्यात. प्लॅस्टिकच्या बादलीत दहा भाग पाणी घेऊन त्यात एक भाग ॲसिड सावकाश सोडावे. ॲसिडमध्ये पाणी कधीही ओतू नये. ते उसळून अंगावर येते. दारे-खिडक्या उघड्या ठेवाव्यात. दोन-चार मिनिटांत भरपूर पाण्याने धुवून टाकावे.

ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र करू नका. त्यातून क्लोरिन नावाचा विषारी वायू निघतो. बंद मोरीत त्याने माणूस गुदमरतो. ॲसिड कधी थंड पेयाच्या किंवा दारूच्या बाटलीत ठेवू नका. तहानलेले लेकरू बाटली पाहून तोंडाला लावते. असल्या घाईपुढे फरशीची काय किंमत?

सुप्रीम कोर्टाने २०१३ साली ॲसिडच्या विक्रीवर बंधने घातली. दुकानदाराने घेणाऱ्याचे नाव-पत्ता लिहून ठेवावा, ओळखपत्र पाहावे आणि १८ वर्षांखालील मुलांना ते विकू नये, असा हुकूम आहे. ॲसिडने कितीतरी मुलींचे चेहरे जाळले गेले, म्हणून हे बंधन आले. तेव्हा गरज नसताना ही वस्तू घरात आणूच नये.

हात आणि डोळे

पानाला चुना जास्त लागला, तर तोंड भाजते. ओले सिमेंट तसेच भाजते. फरक एवढाच, की सिमेंट सावकाश भाजते. काम करताना कळत नाही. संध्याकाळी बोटांना भेगा दिसतात. काहींना सिमेंटने खाज सुटते आणि कातडी लाल होते. एकदा हा त्रास सुरू झाला, की थोड्या सिमेंटनेही पुन्हा होतो. मग गवंड्याला आपला धंदाच सोडावा लागतो. म्हणून रबरी हातमोजे घाला. ओल्या सिमेंटमध्ये गुडघे टेकून बसू नका. कपडा सिमेंटने भिजला, तर बदला. काम झाले, की हात स्वच्छ पाण्याने धुवा आणि तेल लावा.

डोळ्यात सिमेंट किंवा ॲसिड गेले, तर चोळू नका. दुधाचे थेंब, मध, काजळ काही घालू नका. पापणी उघडी धरून स्वच्छ पाण्याची धार सोडा. घड्याळ लावून वीस मिनिटे सोडा. मग लगेच दवाखान्यात जा. धुण्याआधी दवाखान्याकडे पळू नका. वाटेतल्या वेळात डोळा जातो. कातडीवर ॲसिड पडले, तरी हेच करा. कुणी ॲसिड प्याले, तर उलटी करवू नका. येताना ते घसा पुन्हा जाळते. तोंड धुवा आणि १०८ या नंबरला फोन करून गाडी बोलवा.

पांढरा पापुद्रा निराळा

कधी कधी नव्या फरशीच्या सांध्यांतून पांढरे पीठ वर येते. ते सांडलेले सिमेंट नसते. खालच्या सिमेंटमधला चुना आणि क्षार पाण्याबरोबर वर येतात. पाणी उडून जाते आणि पांढरे मागे राहते. याला घाईने पाणी मारू नका. आधी कोरड्या ब्रशने झाडा. मग ओल्या फडक्याने पुसा. पुढे काही आठवडे तसेच करत राहा. ओल संपली, की ते येणे कमी होते. वर्षभर येतच राहिले, तर पाणी कुठून मुरते आहे, ते शोधा. मोरीचा नळ पाहा. भिंतीची ओल पाहा.

डाग पडूच नये म्हणून

डाग काढण्यापेक्षा न पडू देणे स्वस्त पडते. माल फरशीवर कालवू नका. लोखंडी पत्र्यावर कालवा. भिंतीचे काम राहिले असेल, तर खालच्या फरशीवर जुनी पोती किंवा प्लॅस्टिक अंथरा. शक्य असेल, तर गिलावा आधी करा आणि फरशी शेवटी बसवा.

मिस्त्रीशी बोली करताना एक वाक्य अधिक बोला: "रोज सांजच्याला फरशी पुसून मगच घरी जायचं." त्यासाठी बिगाऱ्याचा अर्धा तास लागेल. त्या अर्ध्या तासाची मजुरी खुशाल द्या. ती नाही दिली, तर पुढे महिनाभर घरची बाई गुडघ्यावर बसून डाग घासते. तिच्या मजुरीचा हिशेब कुणी ठेवत नाही, पण तीही मजुरीच आहे.

आणि एक. खरवडून पाहिले, घासून पाहिले, तरी एखादा पुसट डाग राहिला, तर राहू द्या. पायांखाली तो दिवसेंदिवस झिजेल. डाग असलेली चांगली फरशी ही डाग नसलेल्या खराब फरशीपेक्षा केव्हाही बरी.

ध्यानात ठेवा

१. सिमेंट ओले असतानाच पुसा.
२. पाणी गढूळ झाले, की बदला.
३. एक-दोन दिवसांच्या डागाला साखरेचे किंवा गुळाचे पाणी लावा.
४. जाड गोळ्याला छन्नी आडवी धरा, ठोका हलका द्या.
५. घासताना पाणी टाका. धूळ उडू देऊ नका.
६. शहाबादी, तांदूर, कडप्पा आणि कोटा या फरश्यांना ॲसिड, लिंबू, चिंच लावू नका.
७. डोळ्यात काही गेले, तर आधी वीस मिनिटे पाणी, मग दवाखाना.